चिंचेखालचे गरे

१४ मे, कवठे महांकाळ
सकाळी पुन्हा ठिबकची नळी फोडलेली. माकडांचंच काम. द्राक्षं संपली, ओढा आटला, तीही कुठं जाणार प्यायला? फाटक्या कानाची म्हातारी माकडीण नळीला तोंड लावून बसलेली, पोटाशी पिल्लू. हाकललं तर माझ्यावरच डोळे वटारले. मेली!
संध्याकाळी धाकटे दीर आले, तापलेले. "वैनी, लय झालं. पिंजरेवाल्याला बोलावतो. कोयनेच्या रानात सोडत्यात, चैन करतील तितं."
पिंजरा माझ्याच चिंचेखाली लावायचा, टोळी तिथंच झोपते ना. माझ्या होकारासाठी थांबलेत.

१५ मे
कोयनेचं रान म्हणजे माझं माहेर. तिकडची माकडं क्वचितच खाली उतरायची. उंबर, जांभूळ, फणस, सगळं वरच्यावर. पावसात एकमेकांना बिलगून बसायची, आम्हाला नुसत्या फांद्या ऐकू यायच्या. इथली बांधावरून चालतात, बाभळीच्या शेंगा सोलतात, टाकीचं झाकण उचलतात. डोक्यावर मधोमध पाडलेला भांग तेवढा तोच.
इथल्यांना तिथलं झेपेल? मला नाही वाटत. आणि ती गेली तर ही चिंच...

१७ मे
बाळू आला, माझा धाकटा भाऊ. पाटणहून मोटारसायकलला फणस बांधून! घरभर वास. रडूच आलं. पहिल्या फणसाचे गरे माकडांना ठेवल्याशिवाय आई आम्हाला हात लावू द्यायची नाही. मग मीही ठेवले, चिंचेखाली, दगडी डोणीजवळ. डोण ह्यांनी बसवलेली, पाखरं-माकडांसाठी. हे गेल्यापासून मीच रोज पाण्यानं भरते, पण उन्हाळ्यात टोळीला पुरत नाही.
टोळी आली. लांबूनच हुंगलं, खेकसली, अन् पळाली. फणसाला भ्याली! बाळू हसून बेजार. मी लगेच दिरांना फोन लावला.
"भाऊजी, तिकडचं खाणं ह्यांना ठाऊकच नाही. उपाशी मरतील."
मग म्हणाले, "बरं. रविवारपतोर रोज ठेवा. तोंड लावलं न्हाई तर पिंजऱ्याचं नाव काढत न्हाई. पण खाल्लं तर आडवं यायचं न्हाई, वैनी."
म्हटलं, कबूल.

१८ मे
गरे तसेच. मुंग्या लागल्या. बरं वाटलं.
बाळू निघताना म्हणतो, "ताई, तूबी इथं आलीस तवा बाजरीची भाकरी बघून रडलीवतीस." गप बस म्हटलं. पण खरंच आहे. नाचणी अन् भातावर वाढलेली मी. भाकरी घशाखाली उतरायची नाही. हे गूळ-तूप लावून द्यायचे, चोरून, सासूबाई मागं वळल्या की. किती हसायचे! हळूहळू आवडायला लागली. आता माहेरी गेले तर भाताचाच कंटाळा येतो.

२० मे, शनिवार
सकाळी डोण भरत होते. पिल्लू म्हातारीच्या पोटाखालून सुटलं, थेट गऱ्यावर. चाटलं. बोटं चिकटली, ती चाटली. मग अख्खा गरा गालात. म्हातारी धावली, त्याला ओढलं, त्याच्या तोंडाचा वास घेतला, अन् स्वतः दुसरा उचलला. मग सगळीच.
हसू आलं, अन् लगेच दिरांना दिलेला शब्द आठवला. माझी पोरं जिंकली म्हणावं की हरली? कुठंही जगतील ही, हे आता मलाच कळलं. पण त्यांनी का जावं? हे गेल्यावर सकाळी दार उघडलं की माझ्याकडं बघणारं तेवढंच आहे कुणीतरी. खरी गोष्ट ही. उपाशी मरतील वगैरे नंतरचं.
गऱ्यांतल्या आठळ्या वेचल्या, पदरात बांधल्या. का, कोण जाणे.

२१ मे, रविवार
दिरांची गाडी बांधापर्यंत आली. म्हातारी चिंचेवर, पिल्लू तिच्या शेपटीशी खेळतंय. आठळ्या अजून पदरातच. डोणीजवळ आज गरे नाहीत, ते बघतील अन् विचारतील, "खाल्लं का वैनी?" मुंग्या लागल्या म्हणून फेकले म्हणू, की पदर सोडून आठळ्या दाखवू?