काटा तांबड्यात जायच्या आत

सोम., १२ जानेवारी
पहाटे वस्तीचा डीपी जळाला, विजेचा ट्रान्सफॉर्मर. मोठा आवाज, मग सगळी वस्ती अंधारात. लाइनमन म्हणतो, "आठ दिस तरी लागत्याल, ताई. जळका डीपी तुमीच टेम्पोत घालून नगरला न्या, म्हंजी लवकर हुईल." बाया पाण्याच्या टाकीकडे पळाल्या, मी गुडघा धरून शेडमध्ये. यांच्या गाडीची चार्जिंगची वायर भिंतीत आहे, भिंतीत वीज नाही. बॅटरीचा काटा तांबड्या रेघेच्या थोडाच वर.
रविवारी पुण्याचे मेहता गाडी विकत घ्यायला बघायला येणार. आत्ताच जळायचं होतं मेल्याला!

मंगळ., १३
हे गेल्यापासून रोज चहाच्या आधी काटा बघते. यांच्या एमआयडीसीतल्या कंपनीनं विजेवरच्या असल्या स्पोर्ट्स गाड्या केल्या तेव्हा अख्खं नगर हसलं होतं. मोजक्याच निघाल्या, कंपनी बंद पडली, शेवटची हे घरी घेऊन आले. बाकीच्या मोडीत गेल्या. लेकीनं, मनूनं, नाशिकहून हिचे फोटो जुन्या गाड्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले आणि आता फोनवर फोन.
यांचं एकच सांगणं असायचं, काटा तांबड्यात गेला की बॅटरी मेली, परत उठायची नाही. उठायचं नाही म्हणजे काय ते मला सांगायला नको. सरकारी दवाखान्यात नर्स होते मी, जन्म गेला त्यात.
म्हणून तर विकायची. गुडघ्याचं ऑपरेशन, मग लेकीकडे नाशिकला. मागे हिला रोज कोण बघणार? जिवंत ठेवणाऱ्याच्या हातात जावी, एवढंच.
काटा अजून उतरला.

बुध., १४. संक्रांत
भावजी आले. शेजारचंच घर धाकट्या दिरांचं, पण एरवी येत नाहीत. ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर वस्तीत एकट्या त्यांच्याकडे. तिळगूळ दिला, चहा घेतला नाही. जनरेटरचं विचारलं.
"येरवी न्हाई म्हनलो नसतो, वैनी. पर विकायसाठी न्हाई द्यायचा. दादाची एवढीच निशानी हाय."
"मेली तर निशाणी काय कामाची?"
"मेली तरी दारात ऱ्हाईल की."
असा राग आला... सणाचा दिवस म्हणून उठून आत आले. त्यांचा लाडू ताटलीत तसाच पडलाय.

गुरु., १५
डीपी घेऊन माणसं नगरला गेली. तिथं म्हणे आधीच रांग.
शेजारच्या तिसगावात वीज आहे. पण चालवून न्यावी तर काटा वाटेतच तांबड्यात. ओढून न्यायची नाही, हेही यांचं बजावणं. माणूस गेला आणि बजावणी ठेवून गेला. आज शेडमध्ये यांच्यावर मोठ्यानं ओरडले. बरं वाटलं थोडं.
मला शिकवली होती यांनी. शेडपासून आंब्यापर्यंत, तिथून वळवून परत. "आता पुढं चल की रस्त्यावर," म्हणायचे. लोक बघतील याची लाज. कधी गेले नाही.

शुक्र., १६
सकाळी काटा रेघेला टेकला.
सरळ भावजींच्या गोठ्यात. धार काढत होते. म्हटलं, विकायची का ठेवायची ते नंतर भांडू. आत्ता ती चाललीय. तुमच्या दादांना ऑक्सिजन लावला तेव्हा विचारलं होतं का कुणी, पुढं यांचं काय करणार म्हणून?
जीभ जरा जास्तच चालली. ते खाली बघून धार काढत राहिले. परत येऊन पायरीवर बसून रडले, खोटं कशाला लिहू.
मग ट्रॅक्टरचा आवाज. शेडच्या दारातच आडवा लावला. वायर त्यांनीच जोडली. काटा हलेना. जेवणं राहिली दोघांची. दुपार कलल्यावर हलला, केसभर. भावजी दिवसभर ट्रॅक्टरवरच बसून. संध्याकाळी म्हणाले, "दादा लई येळा म्हनला, बस शेजारी. मी हसायचो. बसलोच न्हाई कदी."
आज चहा घेतला.

रवि., १८
मेहता आले. सभ्य माणूस. चपला काढून शेडमध्ये शिरले, यांच्या हातचं वायरिंग वाकून वाकून बघितलं. किमतीवर घासाघीस नाही. मंगळवारी ट्रक पाठवतो म्हणाले. मी सगळं समजावून सांगू लागले, रोज सकाळी काटा बघा, उन्हाळ्यात जास्त जपा...
हसले. "ताई, ती काळजी सोडा. बॅटरी आम्ही काढूनच ठेवतो. माझ्याकडच्या सगळ्या गाड्या तशाच आहेत. चालवली की किंमत उतरते."
चहा आणते म्हणून आत आले नि ओट्याशी उभी राहिले. साखर दोनदा पडली बहुतेक. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, विचार करून कळवते. त्यांना वाटलं, बाईमाणूस, हळवी झाली.
भावजी दारातून ऐकत होते. मेहता गेल्यावर म्हणाले, "मंग ह्या मानसात नि माज्यात फरक काय, वैनी?"


सोम., १९
मनूचा फोन. "आई, डॉक्टरांनी तारीख दिलीय. आता मागे फिरू नकोस." तिचं खरं आहे. गुडघाही खरा आहे.
मेहतांना कळवलं नाही. त्यांचा मेसेज आला, ट्रक ठरल्याप्रमाणे निघेल.
भावजींनी न सांगता जनरेटर चालू ठेवलाय. 

मंगळ., २०
डीपी बसला, वीज आली. काटा पार वर, यांच्या वेळी असायचा तिथं.
ट्रकवाल्याचा फोन. नगर सोडलंय.
यांच्या फोटोमागची किल्ली घेतली. सीटवरची चादर काढून झटकली, शेजारच्या सीटवरचीही. भावजी बघत उभे. "आलं का त्ये न्यायला?"
"अजून नाही. आधी दारातला ट्रॅक्टर काढा, मग येऊन बसा इथं."
"कुटं?"
हात दाखवला शेजारच्या सीटकडे. माणूस लहान पोरागत लाजला.
ते ट्रॅक्टर काढतायत तोवर हे लिहितेय.  मला फक्त आंब्यापर्यंत चालवता येते. आज तिथं वळवायची नाही, सरळ रस्त्यावर काढायची.