हलकी बंदूक आणि ती मेंढी

वायोमिंग, मेंढ्यांचा तळ

प्रिय आई,

मी धडधाकट आहे, जेवणही पोटभर मिळतं. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांची जड बंदूक टेकड्या चढताना खांदा काढायची, म्हणून मी हलकी घेतली.

मालकीण लोरेटा म्हणाली, "खेळणं आणलंस होय रे? आता त्या कोयोटी कोल्ह्याने आणखी एक जरी कोकरू नेलं, तर तुझं बोचकं बांध!"

आज दिवसभर चाललो, मग झुडपात बसून कोकरासारखी ओरडणारी शिट्टी वाजवली. कोयोटी आलाच, पण त्याच्या आधी काल कोकरू गमावलेली मेंढी धावत आली आणि नेमकी बंदुकीच्या नळीसमोर उभी राहिली. कोयोटी मागे बसून बघत राहिला, मग निघून गेला.

शिट्टीशिवाय तो येत नाही, आणि वाजवली की ही येते. आत्ताही माझा खिसा हुंगतेय, शिट्टी त्यातच आहे.

तुझाच भटक्या,
क्लेटन