अण्णांचं काउंटर

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार
दिवाळीनंतर दुकान उघडलं. अण्णांचा हात आता फारच थरथरतोय. जादूचं सामान विकायचं तर आधी करून दाखवावं लागतं, आणि भाईंदर पश्चिमेत अण्णांचा डेमो बघायला लोक रिक्षा थांबवायचे. आज पत्ते पिसताना गड्डी सांडली. म्हणाले, काउंटरला कोण उभं राहणार ते महिन्याभरात ठरवू. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. अण्णा, मी आणि पॅकिंग करणारी धाकटी बहीण भूमिका. म्हणजे ठरलेलंच आहे.
संकल्प : रोज पहाटे आरशासमोर सराव.

२८ ऑक्टोबर
उशिरा उठलो. आरसा फार लहान आहे. मोठा आणल्याशिवाय सराव सुरू करणं चुकीचं.

३१ ऑक्टोबर
मोरव्याहून सुचेता मॅडम आल्या. शिक्षिका आहेत, वर्गात दाखवायला सोपी जादू हवी होती. लाल रुमाल मुठीत गायब करून दाखवला. रुमाल लपवायचा प्लॅस्टिकचा नकली अंगठा खाली पडला. त्यांनीच उचलून दिला. मी म्हटलं, मॅडम, काय चुकू शकतं तेही शिकवतो आम्ही. मग भूमिकाने तेच करून दाखवलं आणि त्यांनी दोन सेट घेतले. गिऱ्हाईक तयार मी केलं होतं. कोणी तसं म्हणालं नाही. अण्णा स्टुलावरून बघत होते. समाधान असलं की ते गप्प असतात.

३ नोव्हेंबर
शेजारचे स्टेशनरीवाले भूपेशभाई विचारत होते, “यतीनभाई, आज अंगूठा लाए हो ना?” हसलो. शेजारधर्म आहे.
आरसा अजून आणला नाही. उद्या नक्की.

६ नोव्हेंबर
दुपारभर अण्णा भूमिकाला रागावत होते. कोपर वर येतंय. नजर हाताकडे जातेय. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघ. पुन्हा कर. ती मागच्या खोलीत जाऊन रडली, तोंड धुऊन परत आली, पुन्हा केलं. बिचारीच्या मागे उगाच लागलेत. मला आजवर एकदाही असं बोलावं लागलेलं नाही.

११ नोव्हेंबर
एका सोसायटीत वाढदिवसाचा शो. दोरी कापून जोडायची होती. कापली. यजमानीण उर्मिलाताई म्हणाल्या, असू दे, मुलं जेवायला बसतील आता. दोरीची क्वालिटी घसरलीये. घरी आलो, चहा घेतला. विशेष काही वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर
जेवताना अण्णांनी सांगितलं. काउंटरला भूमिका उभी राहील.
मी विचारलं, “आणि मी?”
म्हणाले, “तू घरी थांब माझ्याजवळ. मला आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत.”
भूमिका ताटात बघत होती. मी आणखी भात घेतला. घर सांभाळणं हीसुद्धा मोठी जबाबदारी आहे, आणि ती त्यांनी विचार करूनच मला दिलेली दिसते. शिवाय आता सरावाला निवांत वेळ मिळेल.

१८ नोव्हेंबर
भूमिका दुकानात गेली. अण्णांना आंघोळ घातली, शर्ट चढवला, बटणं लावली. दाराशी बसवलं तेव्हा दिसलं, एक बटण वरखाली झालंय. कॉलर एका बाजूने वर आलेली. अण्णांनी मान खाली घालून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, काढ, पुन्हा लाव.
“छान,” म्हणाले.
तसाच शर्ट घालून दिवसभर बसले.
रागावले असते तर बरं झालं असतं.