गाडीखालची तणस

गुरुवार, मार्गशीर्ष

गाडी जुनीच, एक लाख साठ हजार; सीटकव्हर सहाशे; पूजेचा नारळ-लिंबू चौदा रुपये. येऊन नऊच दिवस झाले. दिसायला डबीएवढी, पण पाय ठेवला की उडते आणि चालते जमिनीला पोट लावून. ह्यांना तेच आवडतं.

आज चामोर्शीहून परतताना लोकांनी मळणीचं धान रस्त्यावर पसरलं होतं. बस-ट्रक जातात, धान आपोआप चुरलं जातं. हेही गेले, जोरातच. थोडं पुढं गेलो तर गाडीच्या पोटाला अडकलेल्या पेंढ्यातून धूर. शेतातली बाई घागर घेऊन धावली. "उतरा बाई, जल्दी! खाली तणस पेटून राह्यली!" पाणी तिनंच ओतलं. वर ह्यांना म्हणाली, "भाऊ, धान चुराले ट्रक लागते, हे खेळणं नाई."

हे हसले. मला मात्र हळूच म्हणाले, "कोणाले सांगू नको."

उपासामुळे मी उगाच घाबरले का? नाही. धूर खराच होता. पुढल्या रविवारी ह्याच गाडीतून लेकीला, सुमीला, बाळंतपणाला आणायचं आहे. आठवा लागला तिला. रस्ताभर तणस. ती किती लवकर उतरेल? देवीपुढे बसले तरी नाकात तोच धूर.

शेवटी वडशाला विहीणबाईंना पत्र लिहिलं. उपासाच्या दिवशी खोटं सुचवते आहे, देवी बघून घेईल. "त्या रविवारी प्रवासाला दिवस चांगला नाही असं ह्यांना सांगा, आणि सुमीला आधीच एसटीनं पाठवा. जमतं का ते मला उलट टपाली कळवा, पण बंद पाकिटात, माझ्या नावानं."