एकदाच विचारतात

१७ ऑक्टोबर

आजही कँटीनला गेले नाही. म्हणजे — गेले असते!

समोरच्या टेबलावरचा टॉर्बेन जाकीट चढवता चढवता म्हणाला, "आम्ही जेवायला चाललोय. येतेस?" मी म्हटलं, "नको नको, तुम्ही व्हा पुढे." असं म्हणताना माझा हात पर्सवर गेलासुद्धा होता. तो "बरं" म्हणाला आणि गेला. खरंच गेला! मी पर्स मांडीवर घेऊन बसले. त्याला जिन्यावरून परत यावंसं वाटेल, दारातून डोकावून "चल गं" म्हणेल, असं बराच वेळ वाटत राहिलं. मग डबा उघडला. भात गार झाला होता.

मातीवरच्या संशोधनासाठी या परदेशी विद्यापीठात येऊन दोन आठवडे झाले. कागदपत्रं झाली, किल्ली मिळाली, सायकल घेतली. तीन वर्षांची नेमणूक. पहिले सहा महिने दोन्ही बाजूंना मोकळीक — पटलं नाही तर सोडा. यवतमाळच्या कॉलेजातली माझी जागा राखून ठेवली आहे; परत येणार की नाही ते फेब्रुवारीअखेरपर्यंत कळवायचं. म्हणजे परतीचा रस्ता उघडा आहे, हे रोज आठवायचं नाही असं ठरवलं होतं. रोज आठवतं.

२१ ऑक्टोबर

घरमालकीण यान्सेनबाई संध्याकाळी सूपचं पातेलं घेऊन दारात. वाटाण्याचं सूप, गाजर घातलेलं, झाकणाखालून वाफ येत होती. "सॉसेज घातलं नाही, तू खात नाहीस ना," म्हणाल्या. म्हणजे आठवणीने माझ्यासाठी केलेलं! मी म्हटलं, अहो कशाला त्रास घेतलात, नको, राहू द्या.

"बरं," म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन वर निघून गेल्या. एकेक पायरी, सत्तरीचे गुडघे सांभाळत. मी दारात उभी! आमच्या गल्लीत असं पातेलं परत गेलं असतं तर दोन घरांत वर्षभर अबोला राहिला असता. इथे दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या हसून मॉइन — इथला नमस्कार — म्हणतील, हे मला माहीत आहे. सूपचा वास रात्रीपर्यंत जिन्यात होता. मी ब्रेड खाल्ला.

४ नोव्हेंबर

आज दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द: सकाळी "मॉइन". संध्याकाळी दुकानात "पिशवी नको". बस.

१२ नोव्हेंबर

आज चांगलं लिहायचं आहे.

आमच्या प्रमुख ल्यूडर्सबाई नमुने काढायला स्वतः गमबूट घालून दलदलीत उतरल्या. मीही उतरले. लांब पन्हाळीसारखं अवजार खाली दाबायचं, फिरवायचं, हळूच वर ओढायचं. त्यात अख्खी दलदल आडवी निजलेली येते — खाली हजारो वर्षांपूर्वीचं शेवाळ, वर आजचं. कुजायचं राहूनच गेलेलं. मी एक तुकडा हातावर घेतला आणि वास घेतला. आमच्या काळ्या मातीसारखा नाही. पण माती ती मातीच.

बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सगळे आधी नाक मुरडतात." मग हे नमुने ठेवतात त्या शीतगृहातली एक पूर्ण मांडणी माझ्या नावाने केली. आता रोज दुपारी तिथे बसते, जाड कोट घालून. तिथे बोलायची गरज नसते. हे काम मला सोडवणार नाही, एवढं नक्की.

२६ नोव्हेंबर

टॉर्बेनने विचारलं, "मी पलीकडच्या खोलीत गेलो तर चालेल?"

"चालेल की," म्हटलं. आणखी काय म्हणणार? नको जाऊस म्हणायला मी कोण?

संध्याकाळपर्यंत त्याचा संगणक गेला, कुंडी गेली, कानतुटका मग गेला. खोली केवढी मोठी दिसते! डब्याचा वास येत असेल त्याला. लसणाची फोडणी. उद्यापासून ब्रेड-चीज नेणार.

१९ डिसेंबर

टॉर्बेन दारात आला. (आता दारातच येतो. आत येत नाही.) "नाताळात काय करणार? माझ्या आईबाबांकडे येऊ शकतेस. तिकडे समुद्र आहे."

एकदम हो म्हणावंसं वाटलं. पण तोंडातून आलं ते हेच: "अरे नको, तुमच्या घरच्यांत मी कुठे मध्येच!"

"बरं. छान जावो सुट्टी."

तोंडदेखलं विचारलं, झालं! मनापासून असतं तर परत विचारलं असतं. आमच्याकडे दारावरच्या पोस्टमनलासुद्धा चहाचा आग्रह दोनदा होतो.

२५ डिसेंबर

सगळं बंद. दुकानं बंद, रस्ते रिकामे, यान्सेनबाई लेकीकडे. माझ्या पावलांचा आवाज मलाच येत होता. खिडक्या-खिडक्यांतून दिवे आणि टेबलाभोवती माणसं. मी अशी बाहेरून बघत हिंडले, मग लाज वाटली आणि घरी आले.

आईचा फोन. "जेवली का वो बाई? आज तर त्यांचा मोठा सण." म्हटलं, हो, खूप मोठं जेवण आहे, सगळे वाट पाहताहेत, ठेवते. फोन ठेवला आणि वरण-भात टाकला. पानात वाढून घेतल्यावर रडले. चवीला बरा झाला होता भात.

१३ जानेवारी

प्राचार्यांचा निरोप. परत येणार की जागा भरू? महिनाअखेर नाही तर फेब्रुवारीत नक्की कळवा.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझं तू पाहा. तिकडे तुझी माणसं झाली असतील आता."

२२ जानेवारी

दोन दिवस ताप. कुणालाही कळलं नाही. कळवणार तरी कुणाला!

३ फेब्रुवारी

झालं. ल्यूडर्सबाईंना सांगितलं — मार्चअखेर सोडते, घरी परत जाते.

घोकून गेले होते. पण खरं सांगायचं तर (इथे तरी खरं सांगावं) वाटत होतं की त्या म्हणतील, थांब. बस जरा. काय झालं? जाऊ नकोस. मग मी आढेवेढे घेतले असते, त्या पुन्हा म्हणाल्या असत्या, आणि मी राहिले असते.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय. पण निर्णय तुझा आहे." आणि हात पुढे केला.

एकदा. एकदासुद्धा राहा म्हणाल्या नाहीत.

५ फेब्रुवारी



घर सोडणार हे सांगायला वर गेले. यान्सेनबाई सूप ढवळत होत्या. ऐकून डाव तसाच पातेल्यात राहिला. म्हणाल्या, "अरेरे. मग शेवटचं तरी विचारते. सूप हवं?"

"नको," म्हटलं! जिभेवर बसलेलंच आहे ते. त्या वळल्या, झाकण उचललं, आणि पातेल्यावर ठेवणार तेवढ्यात मी जवळजवळ ओरडले. "हवंय! मला हवंय. खूप भूक लागलीय."

"मग नको का म्हणालीस?"

समजावून सांगायला लागले. की आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. हावरट दिसू नये म्हणून. मग समोरचा परत म्हणतो, मग आपण थोडंसंच म्हणतो, मग तो भरपूर वाढतो. सांगताना मलाच कसंतरी झालं.

त्या खुर्चीवर बसल्याच. "म्हणजे ऑक्टोबरात तुला सूप हवं होतं?"

"हो."

"मी दोन दिवस एकटी खात होते ते! लेकीला सांगितलं, माझी भाडेकरू फार स्पष्ट आहे, आवडत नाही तर तोंडावर सांगते. मला तू त्यासाठीच आवडायचीस."

मग एकदम गंभीर झाल्या. "अगं, दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे तू खोटं बोलतेस असं म्हणायचं. तुझा अपमान कसा करू मी?"

दोन वाट्या प्यायले. तिसरी त्यांनी न विचारता वाढली, आणि वाढल्यावर घाबरून माझ्याकडे पाहिलं — चुकलं का म्हणून.

खाली आले आणि एकेक आठवायला लागलं. कँटीन. नाताळ. खोली. मग ल्यूडर्सबाई. त्यांना तर मी नुसतं नको नाही म्हटलं. जाते म्हटलं!

६ फेब्रुवारी

टॉर्बेनला गाठलं. सरळ विचारलं, खोली का सोडलीस?

तो कानापर्यंत लाल. "तू फोनवर आईशी इतक्या हळू बोलायचीस. वाटलं, माझी अडचण होते. म्हणून विचारलं. तू चालेल म्हणालीस."

"आणि डबा?"

"कुठला डबा?" मग आठवून म्हणाला, "हां, तो लसणीचा. तो का बंद केलास? आम्ही दोघं-तिघं त्या वासावर जेवायला उठायचो."

हसू की रडू कळेना. मी विचारलं, ल्यूडर्सबाईंनी माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली का? म्हणाला, माहीत नाही, काल त्या कुणाशी तरी बोलत होत्या. त्यांनाच विचार.

त्यांनाच विचार! जणू काही सोपं आहे. स्वतःहून मागायचं, तेही एकदा सोडून दिलेलं. मी आयुष्यात कुणाच्या घरी पाणीसुद्धा मागून प्यायलेली नाही.

८ फेब्रुवारी

दोन दिवस फक्त हाच विचार. प्राचार्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. बाई नाही म्हणाल्या तर? इथे नाही म्हणजे नाहीच.

९ फेब्रुवारी

दार मीच वाजवलं. बसायच्या आधी बोलून टाकलं — मला जायचं नाही. मला इथेच राहायचं आहे.

ल्यूडर्सबाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं.

"बरं," म्हणाल्या.