नंदा विचारते, तो हाच का?

६ जाने. २००३, सोमवार. मंचर
नंदाला पुण्याहून परत आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या. चाकणला चहाला थांबलो तेव्हा तिचा नवरा विठ्ठल पहिल्यांदा बोलला. "अक्का, खावंसं वाटंल ते म्हंजे काय द्यायचं? तिला काईच वाटंना." मी गाडीकडे बघत राहिले. मागच्या सीटवर माझी धाकटी बहीण, शालीत गुंडाळलेली. शालच जास्त दिसत होती.

८ जाने.
शाळा सुटल्यावर अवसरीला नंदाच्या घरी गेले. नंदाने विठ्ठलला बाहेर पाठवलं. पुण्याच्या वॉर्डात शालनबाई यायच्या, नारायणगावच्या, निवृत्त नर्स. शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी प्रार्थना करायच्या, मग नंदासाठीही करू लागल्या. त्यांचं काळं पुस्तक आता नंदाच्या उशाला असतं.
"अक्का, शालनबाई म्हणत्यात, लोक ज्याची वाट बघत व्हते तो येशूच. सासूबाई म्हणत्यात, भैरोबाला सोडू नको. तू लई वाचलेली. तू सांग, तो हाच व्हता का? तू हो म्हणालीस तर मी पाणी घेते. नाय म्हणालीस तर नाय."
पाणी घेते म्हणजे बाप्तिस्मा.
मी म्हटलं, तुला ज्यानं बरं वाटेल ते कर.
"बरं वाटायला गोळ्या हायेत. मला खरं पायजे."
पुस्तक घेऊन आले.

११ जाने.
वाचतेय. जुना भाग आधी, येशूच्याही आधी लिहिलेला, कारण येणाऱ्या तारणाऱ्याची वाट तिथेच बघितली जाते. एक संदेष्टा एका सेवकाविषयी लिहितो. मार खाणारा, गप्प राहणारा, दुसऱ्यांची दुखणी स्वतःवर घेणारा. ते पान दोनदा वाचलं. पुढे येशूची गोष्ट वाचली, तर सगळं जुळतं.
पण मी दिवाळी अंकांत कथा लिहिते. मागची गोष्ट ठाऊक असली की पुढची तिच्या मापाने बेतता येते, हे मला कुणी शिकवायला नको. जुळतं म्हणून खरं, असं कसं म्हणू?
हे म्हणाले, "दहावीचे पेपर तपासतेस का पाद्रीण होतेस?"

१२ जाने., रविवार
शा.बाई एस.टी.ने अवसरीला आल्या. ओसरीवर त्यांच्याशी भांडलेच. म्हटलं, मला आधी पटू द्या. त्या म्हणाल्या, "आधी विश्वास ठेवा बाई, मग पटतं." असं कसं? "पोहायला तसंच शिकतात." म्हटलं, त्यात बुडतातही. त्या हसल्या. नंतर आपणहून म्हणाल्या, माझे मालक गेले तेव्हा मीही खूप मागितलं होतं. नाही मिळालं. "मग?" "मग काय. राग आला. अजून येतो कधी कधी. पण एकटी नव्हते."
याला पुरावा म्हणत नाहीत. तरी घरी येईपर्यंत तेच वाक्य.

१५ जाने.
काल संक्रांत. नंदाच्या हातावर तिळगूळ ठेवला, तिने जिभेला लावून परत दिला.
आज तिच्या सासूबाई, आत्याबाई, भैरोबाला कौल लावून आल्या. देवाच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा दाणा चिकटवायचा, उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. विचारलं होतं, सुनेनं तिकडं जावं का. विठ्ठलने सांगितलं ते असं. आधी वरचा पंखा चालू होता, आत्याबाईंनी गुरवाला बंद करायला लावला, म्हणे देवाचं मन हलतं. मग दाणे पडेचनात. अर्धा तास झाल्यावर याच म्हणाल्या, "लाव रे बाबा परत, सैपाक राह्यलाय." डावा पडला.
नंदा हसली. हसताना पोट धरलं, मग हसू थांबलं आणि पोट धरलेलंच राहिलं.

१७ जाने.
तिला आज फार दुखलं. मी हात धरून बसले होते. "वाचलंस का?" वाचतेय. "लवकर वाच ना गं."
परत येताना एस.टी.त डोळे मिटले आणि मांडीवरचं पुस्तक कुठेही उघडून बोट ठेवलं. म्हटलं, इथे जे असेल ते सांगेन. नुसती नावांची यादी. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी. मागच्या बाकावरची बाई विचारते, "बाई, जप का?"
आत्याबाईंना मी मनात हसले होते. त्यांनी निदान देवाला विचारलं. मी बोटाला विचारलं.

२० जाने.
नाही म्हणायचं ठरवून गेले होते. कारण साधं आहे. ज्याची वाट होती तो आला की युद्धं संपणार होती, लांडगा कोकराशेजारी बसणार होता. इकडे परवाच उसातून बिबट्या आला आणि शेजारच्यांची शेळी नेली. ज्यांनी येशूला तेव्हा नाकारलं ते काही मूर्ख नव्हते. त्यांनी जग बघितलं आणि म्हणाले, हा नव्हे.
पण तिच्या खोलीच्या दारात पाय अडला. लोकांना राजा हवा होता. खोटं रचणाऱ्याने राजाच रचला असता. चोरासारखा लाकडावर खिळून मारलेला, सगळ्यांदेखत हरलेला माणूस कोण कशाला रचेल? आणि रचलेल्या माणसासाठी त्याचे शिष्य आपला जीव का देतील?
"बोल ना अक्का."
"अजून दोन दिवस दे."
"माझ्याकडं मागती व्हय?"

२१ जाने.
विठ्ठल शाळेत आला, शिक्षकखोलीच्या दारात चपला काढून उभा. "अक्का, तिनं घेतलं पाणी तर मी काय करू? भावकी खांदा द्यायची न्हाई. पुरायचं का जाळायचं, येवढं तरी मला कुणी सांगा." त्याच्या हनुवटीला रडताना खळी पडते, हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

२३ जाने.
सांगितलं. माहीत नाही म्हटलं. हो कडे इतकं, नाही कडे इतकं, आणि मध्ये मी.
तिला राग आला. "शाळेत पोरांना सांगती का असं?" भिंतीकडे तोंड केलं. खूप वेळाने, तशीच पाठमोरी, "रविवारी शालनबाईला बोलाव. तवर बघ. हो का नाय, येकच सांग. मी तू म्हणशील तसं."
कुणाला मागू? ज्याच्याविषयी ठरत नाही त्यालाच मागितलं, मला ठरवू दे म्हणून. ऐकणारा कोणी असेल तर हसला असेल. किंवा नसेल हसला.

२६ जाने., रविवार. अवसरी
झेंडावंदन करून थेट इथे. नंदा पहाटेपासून बोलत नाही. श्वास आहे. हाक मारली की पापणी हलते, तेही माझं वाटणं असेल.
शा.बाई आल्या, तिची नाडी बघितली. तांब्यात पाणी घेतलं आणि थांबल्या. म्हणाल्या, "हिच्या तोंडून हो आल्याशिवाय मी नाही देऊ शकत. तुम्हाला काही म्हणाली होती का?"
म्हणाली होती. तू म्हणशील तसं, म्हणाली होती. ते मी सांगितलं. आत्याबाई उठून बाहेर गेल्या. विठ्ठल माझ्या तोंडाकडे बघतोय. शा.बाई हळूच म्हणाल्या, "मग तुम्ही काय म्हणता बाई?"
पाच मिनिटं मागून स्वैपाकघरात येऊन हे लिहितेय. लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही आणि लिहूनही काही
तिच्या खोलीत डोकावून आले. तसाच श्वास, मध्ये मोठा खंड पडतो.
हो म्हटलं तर ते माझं हो असेल, तिचं नव्हे. मला खात्री नसताना. नाही म्हटलं तरी तेच. आणि गप्प बसले तर तेही नाहीच.
खोलीतून शा.बाईंचा आवाज, "बाई, या आता."
जाते.