दाराला सुपारी

११ जानेवारी १९७४

या घरात काहीही मोडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. आज गाडीचं दार मोडलं. मोडलं म्हणजे काय, दाराच्या आतला पुठ्ठा सुटला. तर चारुदत्त दाराकडे न बघता माझ्याकडे बघत उभा. पोटचा मुलगा, बँकेत ऑफिसर, आणि नजर फौजदाराची.

श्री गजानन प्रसन्न. हे वर लिहायचं असतं, पण राग आधी आला.

झालं ते असं. माझी चुन्याची डबी खिडकीच्या काचेशेजारच्या फटीतून दाराच्या पोटात पडली. दाराला फट ठेवायचीच कशाला? मी उलथन्याने पुठ्ठा जरा उचकटला. जरा. आतून टक् टक् झालं. डबी मिळाली, पण पुठ्ठा परत बसेना. चारू म्हणाला, आई, क्लिपा तुटल्या. बघितल्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या, पेराएवढ्या, डोकं अळंबीसारखं. दाराच्या भोकात दाबल्या की पुठ्ठा धरून बसतात म्हणे. एवढी लोखंडाची गाडी आणि अब्रू बटणांवर! त्या आधीच मेलेल्या होत्या. माझं निमित्त.

गाडी परदेशी. कोणी साहेब विलायतेला परत निघाला, जाताना चारूच्या गळ्यात बांधून गेला.

१२ जानेवारी

कालिंदी, चारूची मुलगी, इथे कलकत्त्याजवळच बजबजला दिली आहे. जावई तिथल्या तेलाच्या डेपोत. पोरीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिची सासू सुहासिनीबाई तीन पिढ्यांची कलकत्तेकरीण. म्हणते, डेपोचं हॉस्पिटल घराला लागून आहे, कशाला हलवायचं? मराठी बोलते तेही बंगाल्यातून वळसा घालून. लग्नात मला म्हणाली होती, तुम्ही घरी कशा जाणार आजीबाई, ट्रामने? तो शब्द मी पदराला बांधून ठेवलाय.

पोरीला इथेच यायचंय. घाबरलीय, लवकर न्या, असा तिचा निरोप. श्यामला म्हणाली, सासूबाई, टॅक्सी करून आजच आणू. सून माझी, पण कालिंदीची आई ना, धीर नाही. मी म्हटलं, घरची गाडी असताना टॅक्सी? सुहासिनीबाईला आयतं कोलीत द्यायचं? चारू म्हणाला, मग गाडीच नेऊ, पुठ्ठ्यावाचून ती अडत नाही. म्हटलं, पोट उघडं टाकलेल्या गाडीतून पोटुशी पोर आणायची? तुम्हाला लाज नसेल, मला आहे.

संकल्प: संक्रांतीच्या आत दार ठाकठीक. संक्रांतीला पोर घरात.

१४ जानेवारी. संक्रांत

कणकेची खळ करून पुठ्ठा चिकटवला. झकास बसला. दुपारी सुटला. खळीला मुंग्या लागल्या, मुंग्या चारूच्या पँटीत गेल्या. इथली हवाच दमट. साताऱ्यात हीच खळ पाच वर्षं टिकली असती.

तिळगूळ बजबजला पाठवला. पोर काही आली नाही. तिळगूळ तरी गेला.

१७ जानेवारी

रात्री अंथरुणात सुचलं, टिचबटणं! श्यामलाच्या पोलक्यांची उसवून पुठ्ठ्याला शिवली. हात अजून असा चालतो की बघत राहावं. मग दुसरी बाजू दाराला शिवायला गेले, तर दार लोखंडाचं. घरात दोन ग्रॅज्युएट आहेत, आधी सांगायला काय झालं होतं?

श्यामलाने पोलकी बघितली. एकेक घडी करून कपाटात ठेवली. कपाटाचं दार मात्र जरा जोरात लावलं.

२१ जानेवारी

चारूने ट्राम डेपोजवळच्या हालदारबाबूच्या मोटार-पार्टच्या दुकानात क्लिपा मागवल्यात. मुंबईहून येणार. त्याच्या भरवशावर बसले तर पोर पाळण्यातून शाळेत जाईल. मी स्वतः गेले. पहिल्याच वाक्याला मला माशीमा म्हणाला. दुकानात आलेल्या बाईला माशी! तरी गिळलं. क्लिपा कुठेत विचारलं. म्हणाला, काल आसबे. काल! म्हणजे काल आल्या, आणि मला आज येऊन माशी ऐकावी लागतेय. म्हटलं, काल आल्या तर गेल्या कुठे? कुणाला विकल्यास? हा हसतो, परत परत तेच म्हणतो, काल, माशीमा, काल. मी त्याला साताऱ्याच्या चार शिव्या दिल्या. कळल्या नाहीत त्याला, पण पोचल्या.

संध्याकाळी श्यामला म्हणाली, सासूबाई, माशीमा म्हणजे मावशी. आणि बंगालीत काल म्हणजे उद्यासुद्धा. सुद्धा? म्हटलं, मग गेलेल्या दिवसाला काय म्हणतात? म्हणाली, तोही कालच. क्रियापदावरून कळतं, आसबे म्हणजे येणार. क्रियापद आम्हाला चौथीला होतं, माझी शाळा तिसरीत सुटली. असला घोळ घालायला मला वेळ नाही. मी ठरवून टाकलं, कलकत्त्यात काल म्हणजे उद्या. सोपं.

आता बंगाली मला सगळं येतं.

२२ जानेवारी

क्लिपा आल्या. म्हणजे माणूस खोटा नाही, भाषा खोटी आहे.

चारू म्हणाला, मी संध्याकाळी बसवतो, अंगठ्याने हलके दाबायच्या असतात. हलके! हलक्या हाताने या जगात काही बसलेलं मी पाहिलं नाही. तो बँकेत गेल्यावर खलबत्त्याचा बत्ता घेतला आणि एकेक ठोकली. दोन बसल्या. बाकीच्यांची डोकी उडाली. मुंबईचं प्लास्टिक.

चारूला सांगितलं, माल हलका निघाला. त्याने कपाळाला हात लावला. वडिलांसारखा आहे, चटकन खचतो.

श्यामला आज परत टॅक्सी म्हणाली. तिसऱ्यांदा. मी म्हटलं, डॉक्टरने फेब्रुवारीचा मध्य सांगितलाय, पहिलटकरणीला नेहमी उशीर होतो. मला पाच झाली, तुला किती?

२८ जानेवारी

परत हालदारबाबूकडे. आज सरस्वतीपूजा, दुकान बंद, दारात मूर्ती, पिवळ्या साड्यांची गर्दी. ज्या गावात विद्येच्या देवीपायी क्लिपा मिळत नाहीत तिथे शहाणपण कुठून यायचं? प्रसाद मात्र खिचडीचा, बरा होता. दोनदा घेतला.

संकल्प: आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही.

३० जानेवारी

सापडलं!

पान लावताना आडकित्त्यात सुपारी होती, तिच्याकडे बघता बघता डोक्यात लख्ख. भोक गोल, सुपारी गोल. सुपाऱ्या भिजवल्या, आडकित्त्याने खुंट्या कापल्या, मागे डोकं, पुढे टोक. अगदी अळंबी. परदेशी कारखान्याला जे जमलं नाही ते विड्याच्या तबकात होतं. ठोकल्या तर अशा बसल्या की पुठ्ठा जागचा हलेना. चारू आसनसोलला तपासणीला निघाला होता, जाता जाता म्हणाला, आई, ओल्या आहेत, वाळल्या की आक्रसतील. मुहूर्ताला शिंकायची सवय आहे त्याला.

एक बाजू झाली. दुसरी उद्या. शनिवारी चारू असतो, तेव्हा बजबज. सुहासिनीबाईने दार उघडून आतून बघावं, एवढीच इच्छा.

१ फेब्रुवारी. सकाळी

डेपोतला एक बंगाली माणूस आला होता. घरी मी एकटीच. श्यामला बाळासाठी लोकर आणायला एस्प्लनेडच्या बाजारात गेलेली. मुकुंदाने, आमच्या जावयाने, पाठवला म्हणे. चारूच्या बँकेत फोन केला होता, पण चारू आसनसोलला. माणूस धापा टाकत होता. म्हणाला, दिदि काल हाशपाताले गेछेन, माके डाकछेन.

बरं झालं मी घरी होते. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. काल हाशपाताले, म्हणजे उद्या हॉस्पिटलात दाखवायला नेणार. नेऊ देत. उद्या शनिवारच आहे, थेट तिथेच गाडी लावू. आणि माके डाकछेन. डाक म्हणजे टपाल. आईला पत्र टाकलंय. आईला. आजीने इथे सुपाऱ्या कापून बोटं सोलून घेतली, आणि पत्र आईला. असू दे. येईल तेव्हा वाचेल तिची आई. मी कशाला सांगायला जाऊ?

माणूस काही हलेना. परत परत हात जोडून गाडीकडे बोट दाखवत होता. म्हणजे गाडीची कीर्ती डेपोपर्यंत पोचलीय. त्याला तिळाचे लाडू दिले, काल काल असं नीट बंगालीत सांगितलं. गेला.

१ फेब्रुवारी. दुपारी

श्यामला आली. सांगितलं, उद्या कालिंदीला दाखवायला नेणार आहेत, आपण गाडीने जाऊ. म्हणाली, माझा डावा डोळा लवतोय, मी बसने आजच जाऊन येते. मी म्हटलं, डावा डोळा बाईचा लवला तर शुभ असतो, तेवढं तरी माहीत असावं. आणि उद्या सगळी मिळून थाटात जाणार, आज बसने जाऊन कोण तोंड दाखवतं? राहिली. शहाणी आहे, बोललं तर ऐकते.

शेवटची सुपारी ठोकली. दार वाजवून बघितलं. आवाज राजवाड्याचा.

टपाल आलं नाही.

२ फेब्रुवारी. संध्याकाळी

कंबर मोडली.

सकाळी निघालो. मी पुढे, दाराशी, श्यामला मागे लोकर घेऊन. वाटेत महेशतला गावाच्या खड्ड्यात पहिली सुपारी सुटली. चारू म्हणाला, काय उडालं? म्हटलं, खडा असेल. मग दुसरी, मग चण्याच्या भट्टीसारखी ताडताड. एक चारूच्या कानावर बसली. रस्ता नीट ठेवायला नको सरकारने? बजबजपर्यंत मी पुठ्ठा गुडघ्याने दाबून धरला होता. कुणाला कळलं नसतं.

सुहासिनीबाई फाटकातच उभी. स्वतः पुढे होऊन माझं दार उघडलं, आणि पुठ्ठा हँडलसकट तिच्या पायावर पडला. तिने बघितलासुद्धा नाही. म्हणाली, या पणजीबाई.

पणजीबाई. मला वाटलं म्हातारी चिडवतेय.

मुलगी झाली. काल संध्याकाळी. इथे काल म्हणजे आपला काल. परवाच हॉस्पिटलात नेली होती. रात्रभर कळा, दुसरा दिवसभर कळा. सुहासिनीबाई उशाशी बसली होती. म्हणाली, पोर सारखी दाराकडे बघत होती, मी माणूस पाठवला, वाटलं दुपारपर्यंत याल.

तोच माणूस तिथे व्हरांड्यात होता. श्यामलाने त्याला बंगालीत काहीतरी विचारलं. त्याने माझ्याकडे बघून सांगितलं. मग श्यामला मला म्हणाली, डाकछेन म्हणजे बोलावतेय. माके डाकछेन म्हणजे आईला बोलावतेय. एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर नाही. बंगाल्यांनी टपालाचा शब्द हाका मारायला वापरला, त्यात माझा काय दोष, हे ऐकायला थांबलीच नाही.

बाळ बरं आहे. नाक आमच्याकडचं. मी हात पुढे केले तर कालिंदीने बाळ दिलं, दिलं नाही असं नाही. मग हळूच म्हणाली, आजी, आईला सांगितलं का नाहीस गं? मी म्हटलं, बाळाला झोपू दे.

बाळंतपण तिथेच. श्यामला तिथेच राहिली, सव्वा महिन्यासाठी. सुहासिनीबाईने मलाही राहा म्हटलं, तोंडभरून. मी म्हटलं, गाडी न्यायला माणूस हवा. येताना पुठ्ठा मांडीवर घेऊन आले. सुपाऱ्या गाडीतच लोळतायत.

उद्या रविवार, चारू परत जाणार आहे. मला कंबरेमुळे जमणार नाही. कालिंदीने ते पुन्हा विचारलं, तर उत्तर चारुदत्तने द्यायचं. गाडी त्याची.